वाचकांचे प्रश्न : मंजिष्ठा – चूर्ण, लेप, काढा आणि तेल

वांग (चेहऱ्यावरचे काळपट चट्टे), मुरुमांचे डाग आणि ‘रक्तशुद्धी’ या तीन कारणांनी मंजिष्ठेबद्दल बरीच पत्रे आली आहेत. एकाच शंकेची अनेक पत्रे होती, ती एकत्र केली आहेत. ज्यांनी चेहऱ्याचे फोटो पाठवून निदान विचारले आहे त्यांना इथे उत्तर देता येणार नाही. डाग प्रत्यक्षच पाहावा लागतो.

प्रश्न : काष्ठौषधींच्या दुकानातून आणलेली मंजिष्ठा म्हणजे नुसत्या बारीक काड्या निघाल्या. मुळे हवी होती ना? खरी-खोटी कशी ओळखायची?

मंजिष्ठा, म्हणजे रुबिया कॉर्डिफोलिया, ही डोंगराळ रानात दुसऱ्या झुडपांचा आधार घेत चढणारी वेल आहे. खोड चौकोनी, त्याच्या धारांवर मागे वळलेले बारीक काटे असतात. वेल ओढली की हाताला करवतीसारखी लागते. प्रत्येक पेऱ्यावर चार-चार पाने, देठाकडे हृदयाच्या आकाराची. मुळे लांब, बोरूइतकी किंवा त्याहून बारीक, वरून तपकिरी आणि मोडली की आतून लालभडक.

वैद्यांच्या परंपरेत मूळ वापरतात. आपल्या आयुर्वेदिक फार्माकोपियात, म्हणजे औषधांची प्रमाणके ठरवणाऱ्या अधिकृत ग्रंथात, मात्र खोडाचे वर्णन आहे. त्यामुळे बाजारात दोन्हींची सरमिसळ मिळते आणि काड्या दिसल्या म्हणून दुकानदाराने फसवले असे लगेच म्हणता येत नाही. पण काडी मोडून पाहा. आतून लालसर असेल तर ती कामाची. हिरवट-पांढरी, पोकळ, हलकी असेल तर ती कोवळी वेल आहे. तिच्यात रंग नाही, म्हणजे आपल्याला हवे ते द्रव्यही फारसे नाही. आम्ही तरी लेपासाठी मूळच घ्यायला सांगतो. खोडाचे काटे दळले तरी चाळणीतून सुटून येतात आणि गालावर ओरखडे उठवतात.

चूर्ण आणले असेल तर घरी अशी परीक्षा करा. अर्धा चमचा चूर्ण अर्धा कप गार पाण्यात टाका. लगेच गुलाबी किंवा भडक लाल रंग सुटला तर कृत्रिम रंगाची शंका घ्या. खरी मंजिष्ठा गार पाण्याला सावकाश आणि मळकट रंग देते. मग दुसरे अर्धा चमचा चूर्ण अर्धा कप कडकडीत पाण्यात दहा मिनिटे ठेवा, फडक्यातून गाळा. पाणी नारिंगी-तांबूस दिसेल. ते दोन वाट्यांत करा. एकीत चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की रंग गडद होऊन किरमिजीकडे झुकतो. दुसरीत लिंबाचे चार थेंब टाकले की फिका पडून पिवळट होतो. परप्युरिन, मंजिष्टिन ही यातली रंगद्रव्ये आम्ल-क्षाराप्रमाणे रंग बदलतात, म्हणून हे घडते. दोन्ही वाट्यांत रंग जसाच्या तसा राहिला तर ते चूर्ण परत करा. सोड्याने निळे झाले तर रतनजोत (लाल रंग देणारे दुसरेच मूळ) मिसळलेली असू शकते. तळाला जड लाल गाळ बसला आणि वरचे पाणी जवळजवळ स्वच्छ राहिले, तर गेरू किंवा माती.

या परीक्षेला एक मर्यादा आहे. युरोप आणि पश्चिम आशियातली मॅडर, रुबिया टिंक्टोरम, हीही यात उत्तीर्ण होते, कारण ती याच कुळातली. तिच्या मुळात ल्युसिडिन नावाचे द्रव्य असते, ते पेशींच्या जनुकांना इजा करणारे आहे आणि त्यामुळे ती पोटात घेण्याजोगी मानत नाहीत. कापड रंगवायला विकली जाणारी ‘मंजिष्ठा पावडर’ स्वस्त मिळते म्हणून औषधाला आणू नका. पाकिटावर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, कोणता भाग वापरला आहे, आयुर्वेदिक उत्पादनाचा परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक असलाच पाहिजे.

प्रश्न : मंजिष्ठेच्या लेपाने रंग गोरा होतो का?

नाही. जन्मजात रंग कोणत्याही लेपाने बदलत नाही. चरकसंहितेत वर्ण सुधारणाऱ्या दहा द्रव्यांचा गट आहे. चंदन, वाळा, ज्येष्ठमध, सारिवा यांच्यासोबत मंजिष्ठा त्यात आहे. पण तिथे अपेक्षा आहे ती बिघडलेला वर्ण पूर्ववत होण्याची : डाग, काळपटपणा, लाली, निस्तेजपणा जाण्याची. तेवढी अपेक्षा ठेवलीत तर निराशा होणार नाही.

प्रश्न : वांगासाठी लेप कसा करायचा? प्रमाण, वेळ आणि किती दिवस, हे नेमके सांगावे.

वांगावर मंजिष्ठा मधातून लावावी, हे अष्टांगहृदय या जुन्या आयुर्वेदीय ग्रंथात सांगितले आहे. इतका साधा योग दुसरा नाही, आणि आम्ही सुरुवात त्यानेच करायला सांगतो, कारण दहा औषधांच्या मिश्रणाने चेहरा लाल झाला तर दोष कोणाचा हे कळत नाही.

चूर्ण वस्त्रगाळ हवे. बाजारचे चूर्ण कितीही बारीक दिसले तरी मलमलच्या फडक्यातून एकदा झटकून घ्या; फडक्यात उरलेला चोथा काढ्याला ठेवा. एक चहाचा चमचा चूर्ण, साधारण २ ते ३ ग्रॅम, वाटीत घ्या. त्यात एक चमचा मध घालून बोटाने कालवा. मग पाणी थेंबाथेंबाने घाला. बोटावर घेतलेला लेप ओघळला नाही आणि गालावर सहज पसरला की झाले. कालवल्यावर पाच मिनिटे तसाच ठेवा. मुळाचे चूर्ण पाणी सावकाश शोषते. लगेच लावले तर लेप चेहऱ्यावर गेल्यावर घट्ट होतो आणि कातडी ओढतो.

पहिल्यांदा चेहऱ्यावर नकोच. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा ठिपका द्या, पंधरा मिनिटांनी धुवा आणि दोन दिवस पाहा. खाज, पुरळ, लाली नसेल तर पुढे जा. मधाने किंवा परागकणांनी ज्यांना त्रास होतो त्यांनी मधाऐवजी गुलाबपाणी घ्यावे.

चेहरा साध्या पाण्याने धुऊन, थोडा ओलसर असतानाच लेप लावा. डोळ्यांभोवतीचा भाग आणि ओठ सोडा. जुन्या मापाने मुखलेपाची जाडी पाव ते अर्धा अंगुळ असते (अंगुळ म्हणजे बोटाची रुंदी). घरी दोन-तीन मिलिमीटरचा थर पुरतो, मात्र त्याखालून कातडी दिसता कामा नये. पातळ थर पाच मिनिटांत सुकतो आणि सगळा घोटाळा तिथे होतो. लेप ओला असेपर्यंतच ठेवायचा; सुकलेला लेप कांती बिघडवतो, असे अष्टांगहृदयात स्पष्ट म्हटले आहे. दहा ते पंधरा मिनिटे, कडेला रंग फिका पडू लागला की काढायचा. काढताना खरवडायचा नाही. आधी पाण्याचा हबका मारून भिजवायचा, मऊ झाला की ओल्या फडक्याने टिपायचा, आणि नंतर तेल किंवा साधे मॉइश्चरायझर लावायचे. लेप असताना बोलू नये, उन्हात किंवा चुलीपुढे बसू नये, दिवसा झोपू नये, हेही तिथेच सांगितले आहे. बोलण्याने लेपाला भेगा पडतात आणि उष्णतेने तो झटकन सुकतो, हे ज्याने लेप लावला आहे त्याला वेगळे पटवायला नको. सर्दी-पडसे, अपचन किंवा रात्रीचे जागरण झाले असेल त्या दिवशी मुखलेप करू नये असाही नियम आहे.

आठवड्यातून दोनदा, फार तर तीनदा. रोज नको : मंजिष्ठा तुरट आणि रूक्ष आहे, रोजच्या वापराने तेलकट कातडीसुद्धा फुटते. आठ ते बारा आठवड्यांत फरक दिसायला हवा. पहिल्या पंधरवड्यात जो ‘उजळपणा’ वाटतो तो मळ आणि मेलेली कातडी निघाल्याचा असतो, वांग गेल्याचा नाही.

आता न विचारलेली गोष्ट. वांग हा बहुतेक वेळा ऊन आणि शरीरातले हार्मोन यांच्या मेळाने येतो. गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्यांवर तो वाढतो. उन्हापासून संरक्षण नसेल तर सहा महिन्यांचा लेप एका दुपारी वाया जातो. एसपीएफ ३० किंवा अधिकचे सनस्क्रीन, बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा, आणि टोपी किंवा छत्री. साधे पारदर्शक सनस्क्रीन दृश्य प्रकाश पुरेसा अडवत नाही आणि वांगाला तोही चालना देतो. म्हणून कातडीच्या रंगाचे, आयर्न ऑक्साइड असलेले सनस्क्रीन जास्त उपयोगी पडते.

प्रश्न : महिनाभर रोज मंजिष्ठा, मुलतानी माती आणि लिंबू लावले. पूर्ण सुकू देऊन चोळून काढत होते. आता गाल ताणल्यासारखे वाटतात आणि डाग जास्त काळे दिसतात. असे का?

तुमच्या कृतीत दोष मंजिष्ठेचा सर्वांत कमी आहे. मुलतानी माती तेल शोषते, मंजिष्ठा रूक्ष, त्यात रोज आणि सुकेपर्यंत. कातडीचे वरचे तेलकट आवरण निघून गेले. ताण त्याचा. लिंबाचे आम्ल झोंबतेच, शिवाय लिंबाचा रस कातडीवर राहून ऊन लागले तर तिथे भाजल्यासारखे होऊन तपकिरी डाग पडतात, ते महिनोन्‌महिने टिकतात. वर चोळणे. आपल्या वर्णाच्या कातडीला कसलीही इजा झाली की ती काळपट डागाच्या रूपाने हिशोब चुकता करते.

चार आठवडे सगळे लेप बंद. सौम्य फेसवॉश दिवसातून दोनदा, साधे जाडसर मॉइश्चरायझर, सकाळी सनस्क्रीन. स्क्रब नाही, वाफ नाही. ताण आणि जळजळ पूर्ण गेल्यावर हवे असेल तर लेप पुन्हा, पण लिंबाशिवाय आणि मातीशिवाय : मंजिष्ठा एक चमचा, दूध दोन चमचे, साजूक तुपाचे दोन-तीन थेंब. दहा मिनिटे, आठवड्यातून एकदा. चार आठवड्यांनीही काळपटपणा तेवढाच असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : तेलकट चेहरा आणि मुरुमे. मधाने चिकट वाटते. दुसरा योग?

मंजिष्ठा दोन भाग, लोध्र एक भाग, मसुरीचे बारीक पीठ दोन भाग, पाण्यात किंवा गुलाबपाण्यात कालवून. कोरडे मिश्रण घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा, कालवलेला लेप उरला तर टाकून द्या; रात्रभर ठेवलेल्या ओल्या लेपात जंतू वाढतात. पू धरलेल्या, फुटलेल्या पुटकुळीवर कसलेही कच्चे चूर्ण लावू नये. वनस्पतींची चूर्णे निर्जंतुक नसतात. गाठीसारखी, दुखणारी, खोल मुरुमे असतील तर लेपात वेळ घालवू नका, त्यांचे खड्डे राहतात.

कुंकुमादी तेलाबद्दलही याच पत्रात विचारले आहे. त्यात मंजिष्ठा असते, पण आधार तिळाच्या तेलाचा. चालू मुरुमांवर ते लावले तर बहुतेकांची मुरुमे वाढतात. मुरुमे पूर्ण बसल्यानंतर उरलेल्या डागांसाठी, रात्री दोन-तीन थेंब, हे त्याचे ठिकाण.

प्रश्न : घरी मंजिष्ठेचे तेल दोनदा केले. एकदा करपले, एकदा महिन्याभरात खवट वास आला. कुठे चुकते?

दोन्ही वेळा शेवटची दहा मिनिटे चुकली. पहिल्या वेळी उशिरा उतरवलेत, दुसऱ्या वेळी लवकर.

प्रमाण आधी. स्नेहपाकाचे, म्हणजे औषधी तेल-तूप शिजवण्याचे, नेहमीचे गणित कल्क (औषधाची ओली चटणी) एक भाग, तेल चार भाग, द्रव सोळा भाग. म्हणजे मंजिष्ठेचे चूर्ण ५० ग्रॅम, घाण्याचे तिळाचे तेल २०० मिली, पाणी ८०० मिली. नुसत्या पाण्याऐवजी मंजिष्ठेचाच काढा घातलात तर तेल अधिक रंगते. पातेले स्टीलचे, जाड बुडाचे आणि सगळे मिश्रण मावून वर फेसाला जागा राहील एवढे मोठे. लोखंडी कढई नको : लोहाशी संयोग होऊन लाल रंग काळपट जांभळा होतो. ॲल्युमिनियमही टाळा, हे रंगद्रव्य त्या धातूलाही धरते.

चूर्णात थोडे पाणी घालून चटणीसारखा कल्क करा आणि अर्धा तास मुरू द्या. तेल मंद आचेवर तापवा, फेस आणि तडतड थांबली की गॅस बंद करून कोमट होऊ द्या. गरम तेलात ओला कल्क टाकला तर उसळून हातावर येतो. अपघात इथेच होतात. कोमट तेलात कल्क थोडाथोडा सोडा, मग पाणी घाला आणि मंद आच सुरू करा. लाकडी उलथन्याने बूड खरवडत ढवळत राहा, कारण कल्क जड असतो, तळाला बसतो आणि करपतो तो तिथून. या मापाला तीन-चार तास लागतात. घाईने मोठी आच केली तर पाणी उडून जाते आणि मंजिष्ठेचा अंश तेलात उतरायला वेळच मिळत नाही.

पाणी आहे तोवर तेलाचे तापमान शंभर अंशांच्या आसपास अडकून राहते. पाणी संपले की ते भराभर चढते. म्हणून बुडबुड्यांचा आवाज बारीक होऊ लागला की आच आणखी कमी करा आणि पातेल्यापासून हलू नका. चमच्याने थोडा कल्क काढा, गार करून अंगठा आणि तर्जनीत वळा. बोटाला चिकटला तर अजून पाणी आहे. मऊ वात वळली गेली, ती तुटली नाही आणि बोटाला चिकटली नाही, तर पाक मध्यम झाला. वात विस्तवावर धरली तर चटचट आवाज येऊ नये. आवाज म्हणजे पाणी. तेलावर याच सुमारास फेस चढतो, तीही खूण आहे (तुपाचे उलटे, तिथे फेस मोडतो). वात वळताना भुगा झाला तर पाक पुढे गेला, आणि जळका वास आला तर ते तेल चेहऱ्याला नाही.

लगेच उतरवून गरम असतानाच दुपदरी सुती फडक्यातून गाळा. पातेल्यात ठेवले तर कल्क उरलेल्या उष्णतेने शिजतच राहतो. रात्रभर झाकून ठेवा, सकाळी वरचे निवळ तेल कोरड्या गडद काचेच्या बाटलीत ओता आणि तळाचा गाळ सोडून द्या. खवटपणाचे मूळ त्या गाळातल्या पाण्याच्या अंशात असते. २०० मिलीतून थोडे कमीच हाती येते, कल्क काही तेल धरून ठेवतो. बाटलीत बोट किंवा ओला चमचा घालू नये. घरचे तेल सहा महिन्यांत संपवा.

जाता जाता : तिळाच्या तेलाच्या मूर्च्छनेत, म्हणजे औषधी तेल करण्याआधी कच्चे तेल शुद्ध करण्याच्या क्रियेत, मुख्य द्रव्य मंजिष्ठाच आहे. तेलाच्या सोळाव्या हिश्श्याइतकी. हळद, लोध्र, नागरमोथा, त्रिफळा वगैरे प्रत्येकी तिच्या चौथाई. कित्येक औषधी तेलांचा तांबूस रंग इथून येतो.

प्रश्न : मंजिष्ठेचा काढा रक्तशुद्धीसाठी घ्यावा का? किती?

स्वतःच्या मनाने नको. चूर्णाची मात्रा साधारण १ ते ३ ग्रॅम, दिवसातून दोनदा. काढ्याला १० ग्रॅम भरड १६० मिली पाण्यात, झाकण न ठेवता मंद आचेवर ४० मिली उरेपर्यंत आटवून, गाळून, ताजाच घ्यायचा. शार्ङ्गधर या जुन्या ग्रंथकाराच्या मापाने अष्टमांश, म्हणजे २० मिली उरवतात. तो अधिक कडक आणि तुरट होतो. भरड रात्री भिजवली तर सकाळी काढा चांगला उतरतो. फ्रीजमध्ये ठेवून तीन दिवस पिण्यात अर्थ नाही.

पण त्वचेच्या तक्रारींवर वैद्य बहुधा नुसती मंजिष्ठा देत नाहीत. लघुमंजिष्ठादी काढ्यात तिच्यासोबत त्रिफळा, कुटकी, वेखंड, दारुहळद, गुळवेल आणि कडुनिंब असतात. त्यातली कुटकी आणि त्रिफळा पोट साफ करणारी आहेत. ज्यांचे पोट मुळात नाजूक, त्यांना चार दिवसांत जुलाब होतात आणि दोष मंजिष्ठेवर येतो. बद्धकोष्ठ असलेल्याला तोच काढा मानवतो. मात्रा, अनुपान (औषध कशासोबत घ्यायचे ते), कालावधी हे माणूस पाहून ठरते, ते इथे छापून उपयोग नाही. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या, यकृत किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना न सांगता मुळीच सुरू करू नका.

प्रश्न : काढा सुरू केल्यावर लघवी लालसर झाली. घाबरून बंद केला. धोका आहे का?

मंजिष्ठेचा रंग लघवीतून बाहेर पडतो, त्यामुळे ती गुलाबी-तांबूस दिसू शकते. या कुळाच्या रंगाची शरीरात फिरण्याची सवय जुनी आहे : लंडनचे शल्यवैद्य जॉन बेल्चिअर यांनी १७३६ मध्ये नोंदवले की मॅडर पोटात गेलेल्या डुकरांची हाडे लाल झाली होती, आणि पुढे हाडे कशी वाढतात याच्या अभ्यासाला त्याचाच उपयोग झाला.

तरी बंद केलात हे बरोबरच. औषध थांबवल्यावर एक-दोन दिवसांत रंग गेला पाहिजे. राहिला, किंवा सोबत दुखणे, जळजळ, ताप, गुठळ्या असतील तर ते रक्त समजून लगेच डॉक्टरांकडे जा. नुसत्या डोळ्यांनी दोन्हींतला फरक ओळखण्याचा आग्रह धरू नये. लघवीची सूक्ष्मदर्शक तपासणी साधी आहे, तिच्यात तांबड्या पेशी दिसतात किंवा दिसत नाहीत. तपासणीला जाताना मंजिष्ठा घेत असल्याचे सांगा, रंगामुळे पट्टीवरच्या चाचण्या चुकू शकतात.

प्रश्न : गरोदरपणात आलेल्या वांगावर चालेल का?

पोटात अजिबात नाही. मंजिष्ठा परंपरेने पाळी आणणारी मानली जाते. स्तनपान चालू असतानाही पोटातून टाळावी. बाहेरून लावण्यासाठीही प्रसूतीपर्यंत थांबलेले बरे, कारण या काळातला वांग बाळंतपणानंतर काही महिन्यांत बऱ्याच जणींचा आपोआप फिका होतो. तोवर ऊन सांभाळा.

प्रश्न : ‘शुद्ध मंजिष्ठा’ लिहिलेल्या एका क्रीमने आठ दिवसांत चेहरा लख्ख झाला. बंद केले की लाल होऊन पुटकुळ्या येतात. सवय लागली आहे का?

मंजिष्ठा आठ दिवसांत हे करत नाही. तुम्ही लिहिलेले चित्र चेहऱ्यावर स्टिरॉइडचे मलम लावल्यावर दिसते तसे आहे : झटपट उजळपणा, बंद करताच लाली, जळजळ, पुटकुळ्या, पुढे बारीक रक्तवाहिन्या दिसणे, नको तिथे लव वाढणे. उजळ करणाऱ्या क्रीममध्ये पारा सापडल्याची उदाहरणेही आहेत. घटकांची यादी नाही, परवाना क्रमांक नाही, अशी डबी असेल तर शंका पक्की समजा. ती फेकू नका, त्वचारोगतज्ज्ञांकडे घेऊन जा. आणि घरच्या घरी एकदम बंद करून लेपाने चेहरा शांत करायला जाऊ नका. अशा कातडीला मंजिष्ठाही झोंबते.

प्रश्न : कोडावर मंजिष्ठा लावतात का? सोरायसिसवर?

कोडाच्या पांढऱ्या डागांवर परंपरेत नाव येते ते बावचीचे, आणि बावची लावून ऊन घेण्यात मोठे फोड येण्याचा धोका असल्यामुळे तो उपचार वैद्यांच्या देखरेखीखालीच करायचा. सोरायसिसच्या योगांत मंजिष्ठा असते, पण एकटी पुरत नाही. दोन्ही आजार घरगुती लेपाचे नाहीत.

प्रश्न : लेपाने नॅपकिन आणि उशीचा अभ्रा लाल झाला, धुऊनही जात नाही.

जाणारही नाही, विशेषतः कापडाला तुरटी लागली असेल तर. सुती कापड तुरटीत भिजवून मंजिष्ठेत उकळणे हीच जुन्या रंगाऱ्यांची पद्धत. तुरटीतले ॲल्युमिनियम रंगाला धाग्याशी बांधते. दाढीनंतर तुरटी फिरवण्याची सवय असेल तर त्या दिवशी लेप नको, आणि लेपात तुरटी तर कधीच नको. सोड्याने किंवा साबणाने डाग आणखी गडद दिसतो, कारण तो क्षार. लेपासाठी एक जुने फडके वेगळे ठेवा. चेहऱ्यावर राहिलेली फिकी तांबूस झाक दुधाच्या बोळ्याने पुसली की निघते, नाहीतर एक-दोन धुण्यांत जाते.

प्रश्न : वेल कुंडीत लावता येईल का?

येते. पावसाळ्याच्या सुरुवातीला पेऱ्यांसह खोडाचे तुकडे लावावेत, अर्धी सावली, निचऱ्याची भुसभुशीत माती आणि चढायला जाळी. पण मुळे औषधाजोगी व्हायला दोन-तीन वर्षे लागतात, आणि मुळांना खोली हवी असते. उथळ कुंडीत वेल हिरवीगार वाढते, मुळे दोऱ्यासारखी राहतात. निदान दीड फूट खोल पिंप किंवा पिशवी घ्या. खणताना सगळी मुळे काढू नका. बुडख्याशी काही ठेवली तर वेल पुन्हा फुटते. काढलेली मुळे माती झटकून पटकन धुवा, पाण्यात भिजत ठेवू नका, रंग तिथेच उतरतो. सावलीत वाळवा. मोडताना कट्‌ आवाज आला की वाळली. बाजारातली बहुतेक मंजिष्ठा आजही रानातून खणून येते, त्यामुळे ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी लावावीच. चढायला जाळी मात्र दारापासून लांब ठेवा, जाता-येता पदर आणि ओढण्या काट्यांत अडकतात.